दाखवायला स्क्रीन नाही

आमच्या धंद्यात एक समज घट्ट बसलेला आहे: काम चांगलं असलं की ते आपोआप बोलतं, आपण तोंड उघडायची गरज नाही. हे वाक्य मी इतक्या हुशार माणसांकडून ऐकलंय की बराच काळ त्यावर शंका घ्यायचं सुचलंच नाही. पण सॉफ्टवेअर बोलत नाही. ते जितकं चांगलं, तितकं गप्प. सर्व्हर पडला की दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. तो वर्षभर पडला नाही, तर का पडला नाही हे विचारायला कोणी येत नाही. लॉगिनचं पान रेंगाळलं तर तक्रार येते. ते चटकन उघडतं म्हणून कोणी आभाराचं पत्र पाठवल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

गवंड्याने भिंत बांधली की ती उभी दिसते, वाकडी असेल तर तेही दिसतं. आपल्या कामाला ना रंग, ना वजन. ते बघणारी माणसं म्हणजे पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती) तपासणारे एकदोन सहकारी, आणि त्यांनाही दिसतो तो फक्त बदललेल्या ओळींमधला फरक. तो खालीवर करून ‘ठीक वाटतंय’ लिहितात आणि आपल्या कामाला लागतात. त्या तीस ओळींपर्यंत पोचायला काय काय करून बघितलं, कोणते तीन मार्ग सोडून दिले, हे त्या फरकात कुठेच नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की दाखवणं हे काम संपल्यावर हौस असेल तर करायचं वेगळं काम नाही. टेस्ट (आपला कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) लिहिणं जसं कामात मोडतं, तसंच हेही मोडतं. आणि दाखवणं म्हणजे मोठ्या परिषदेचा मंच आणि गळ्यातला माइक एवढंच मला अभिप्रेत नाही. स्प्रिंटच्या (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्याच्या) शेवटचा पंधरा मिनिटांचा डेमो, नीट लिहिलेलं रीडमी (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल), स्क्रीन रेकॉर्ड करून टीमला पाठवलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, हे सगळं त्यात आलं.

एक डेमो माझ्या डोक्यात पक्का बसलाय. नेहमीची रिव्ह्यूची बैठक होती. आधीच्या दोघांनी नव्या स्क्रीन दाखवल्या होत्या, एक रंगीत आलेख, एक नवं बटण. लोक खूश होते. मग डेटाबेस बघणाऱ्या सहकारणीची पाळी आली. एरवी ती बैठकीत फारसं बोलत नसे. ‘माझ्याकडे दाखवायला स्क्रीन नाही,’ असं म्हणून तिने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडला आणि त्याचे दोन भाग केले. डावीकडे जुनी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी), उजवीकडे नवी, दोन्हींखाली त्याच डेटाच्या प्रती. दोन्हीकडे तिने एंटर दाबलं. उजवीकडचं उत्तर कीबोर्डवरून हात उचलायच्या आत आलं. डावीकडे नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

तेवढ्या वेळात तिने कारण सांगितलं. इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) होता, पण त्यात तारीख आधी आणि ग्राहक नंतर होता. एका ग्राहकाचे वर्षभराचे व्यवहार काढायचे तर डेटाबेस वर्षभरातले सगळ्यांचेच व्यवहार चाळत बसायचा, आणि हे प्रत्येक ग्राहकासाठी पुन्हा पहिल्यापासून. तिने क्रम उलटा केला, ग्राहक आधी आणि तारीख नंतर. बस, एवढंच. एका ओळीचा बदल. त्या ओळीपर्यंत पोचायला तिने किती एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस उत्तर कसं शोधणार त्याचे आराखडे) वाचले असतील, ते मात्र तिने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

खरी गंमत पुढे झाली. हिशेब विभागातल्या एक बाई दुसऱ्याच कुठल्या विषयासाठी बैठकीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘एक मिनिट. म्हणजे हा रिपोर्ट आता महिनाअखेरीची वाट न बघता रोज काढता येईल?’

खोलीत शांतता. आम्हा डेव्हलपरांना वाटत होतं की रिपोर्ट महिन्यातून एकदाच काढायचा हा हिशेबाचा नियम आहे. हिशेबवाल्यांना वाटत होतं की ही कॉम्प्युटरची मर्यादा आहे. दोन्हीकडची माणसं तो समोरच्याचा नियम समजून इमानेइतबारे पाळत आली होती. टिकेटमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, लिहिलं होतं, ‘रिपोर्ट क्वेरी जलद केली, इंडेक्समध्ये बदल.’ ते वाक्य त्या बाईंपर्यंत कधीही पोचलं नसतं, आणि पोचलं असतं तरी त्यातून हा प्रश्न निघाला नसता. डावीकडची क्वेरी अजून चालूच होती. शेवटी कोणीतरी हसत तिला ती मारून टाकायला सांगितली.

टाळ्या, बढती, नाव या गोष्टी दाखवण्यातून मिळतात, नाही असं नाही. पण माझ्या लेखी त्या दुय्यम आहेत. माहितीचा एक तुकडा एकाच्या डोक्यात असतो, दुसरा दुसऱ्याच्या, आणि दोघांनाही आपल्याकडे तुकडाच आहे याचा पत्ता नसतो. ते जुळायला दोघांच्या समोर एकच चालती गोष्ट ठेवावी लागते.

हे काही आजकालचं नाही. संगणकाच्या इतिहासातलं एक फार महत्त्वाचं पान अर्धवट कामाच्या डेमोतूनच निघालं आहे. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन हे आकडेमोडीचं यंत्र त्याच्या हयातीत कधीच पूर्ण झालं नाही. पण १८३२ मध्ये त्याच्या कारागिराने यंत्राचा एक छोटा, चालता भाग जुळवून दिला. लंडनमधल्या आपल्या घरी संध्याकाळी पाहुणे जमले की बॅबेज तो चालवून दाखवी. १८३३ मध्ये तो बघायला आलेल्यांत आईबरोबर आलेली सतरा वर्षांची एक मुलगी होती, म्हणजे पुढची एडा लव्हलेस. बहुतेक पाहुण्यांसाठी ती एक संध्याकाळची करमणूक होती. हिला त्यामागचं गणित कळलं.

पुढची साखळी तर आणखी मजेदार आहे. १८४० मध्ये बॅबेज इटलीत तुरिनला गेला आणि ॲनालिटिकल इंजिन या कागदावरच असलेल्या, कितीतरी मोठ्या यंत्राविषयी तिथल्या विद्वानांपुढे बोलला. श्रोत्यांत लुइजी मेनाब्रेआ नावाचा एक लष्करी अभियंता होता. (हाच गृहस्थ पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. डेमोला कोण येऊन बसलंय ते सांगता येत नाही म्हणतात ते असं.) त्याने ऐकलेल्यावरून फ्रेंचमध्ये लेख लिहिला, तो १८४२ मध्ये छापून आला. एडाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि स्वतःच्या टिपा जोडल्या. १८४३ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं तेव्हा टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या होत्या. शेवटच्या टिपेत बर्नूली संख्या (गणितातली एक संख्यामालिका) यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या याची पायरीपायरीने मांडणी आहे. छापून आलेला पहिला प्रोग्रॅम म्हणून अनेक जण तिच्याकडेच बोट दाखवतात.

बॅबेजने स्वतः तोवर या नव्या यंत्राबद्दल सविस्तर असं काही छापलेलं नव्हतं. तो आराखडे बदलत राहिला, सुधारत राहिला. सरकारनेही १८४२ मध्ये डिफरन्स इंजिनवरून हात काढून घेतला. तुरिनला जाऊन तो बोलला नसता तर ॲनालिटिकल इंजिनची कल्पना त्याच्या वह्यांत किती काळ पडून राहिली असती कोण जाणे. ‘अजून तयार नाही, झालं की दाखवतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला मला ही गोष्ट सांगाविशी वाटते. बॅबेजचं तर शेवटपर्यंत झालंच नाही.

तरीही आपण दाखवत नाही, त्याची कारणं मला चांगली ठाऊक आहेत. पहिलं कारण संस्कारांचं. आपल्या तोंडाने आपलंच कौतुक करू नये, स्वतःची टिमकी वाजवू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्यात काही वाईट नाही. पण त्या सहकारणीने दोन क्वेऱ्या शेजारी शेजारी चालवल्या, त्यात कौतुकाचा एक शब्द तरी होता का? ‘मी किती भारी’ हे सांगणं वेगळं आणि ‘आधी असं होतं, आता असं आहे, कारण हे’ हे सांगणं वेगळं. दुसऱ्यात ‘मी’ लागतच नाही.

दुसरं कारण झाकल्या मुठीचं. मूठ उघडली नाही तोवर ती सव्वा लाखाची. उघडली की कोणी विचारणार, ‘एवढंच?’ किंवा त्याहून वाईट, ‘हे तर अमुक लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) आयतं मिळतं.’ हा घाव बसतो खरा. पण आयतं मिळत असेल तर ते पुढचे सहा महिने सांभाळून झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं परवडलं.

तिसरी भीती सगळ्यांच्या समोर फजिती होण्याची. या बाबतीत ज्याची फजिती जगाने बघितली, त्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. एप्रिल १९९८ मध्ये कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ चा डेमो चालला होता. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला, आणि भल्यामोठ्या पडद्यावर विंडोज कोलमडल्यावर येणारी ती सुप्रसिद्ध निळी स्क्रीन आली. प्रेक्षागृहात हशा, टाळ्या. गेट्स म्हणाला, बहुधा म्हणूनच आम्ही विंडोज ९८ अजून बाजारात आणलेलं नाही. दोन महिन्यांनी, २५ जूनला ते बाजारात आलं आणि जगभर वापरलंही गेलं. फजितीने काही अडलं नाही. आपल्या टीमच्या बैठकीत तर बघायला जेमतेम बाराजण असतात, आणि त्यांतले निम्मे म्यूटवर असतात.

पण फजितीपेक्षा मला तालमीबद्दल बोलायचंय, कारण दाखवण्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते कोणी बघायला येण्याच्या आधीच होऊन जातो. डेमोची तालीम एकट्याने, मोठ्याने बोलून करून बघा. आपण सराईतपणे बोलत जातो, आणि एका ठिकाणी आवाज आपोआप खाली येतो. ‘इथे जरा थांबावं लागतं, पण ते ठीक आहे.’ ‘हे पान एकदा रिफ्रेश करायचं.’ ‘इथे क्लिक करू नका, ते वेगळं आहे.’ जिथे आवाज पडला तिथे बग आहे, किंवा निदान आपल्याच मनाला न पटलेला निर्णय आहे. टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, असतात, कारण टेस्टही आपणच लिहिलेल्या असतात आणि त्या रिफ्रेशबद्दल त्यांनाही सवय लावलेली असते. अनोळखी माणसाला तोंडी समजावून सांगताना ती सवय उघडी पडते. मी कितीतरी फीचर तालमीनंतर दुरुस्त होताना बघितली आहेत. डेमोत ती सुरळीत चालली, आणि बघणाऱ्यांना त्यातलं काहीच कळलं नाही.

आता मूळ अडचण. ज्याच्या कामाला स्क्रीनच नाही त्याने दाखवायचं काय? इथे मला ग्रेस हॉपर आठवते. कंपायलरच्या (माणसाला वाचता येणाऱ्या कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कल्पनेसाठी झगडलेली, पुढे अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल झालेली ही बाई भाषणांना जाताना तारेचे तुकडे घेऊन जायची. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, असं सांगून ती ते तुकडे श्रोत्यांच्या हातात द्यायची. उपग्रहामार्फत संदेश जायला इतका वेळ का लागतो, असं एखाद्या नौदल अधिकाऱ्याने विचारलं की तिचं उत्तर तयार असे: इथून उपग्रहापर्यंत असे असंख्य तुकडे मांडावे लागतात. मग ती मायक्रोसेकंदाचं भेंडोळं काढून दाखवायची, जवळजवळ ३०० मीटर तार. हे प्रत्येक प्रोग्रॅमरच्या टेबलावर, नाहीतर गळ्यात टांगलं पाहिजे, म्हणजे मायक्रोसेकंद वाया घालवताना आपण काय फेकून देतोय ते त्याला कळेल, असं ती म्हणायची.

नॅनोसेकंदाइतकं न दिसणारं दुसरं काय असणार? पण ती श्रोत्यांना समीकरण सांगत बसली नाही. हातात धरता येईल असं काहीतरी तिने शोधून काढलं. बॅकएंडवाल्यांनी (पडद्यामागचा कोड लिहिणाऱ्यांनी), डेटाबेसवाल्यांनी, इन्फ्रावाल्यांनी (सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी) आपापली तार शोधायला हवी. बहुतेक वेळा ती ‘आधी’मध्ये सापडते. बदल करण्यापूर्वी जुनी अवस्था जपून ठेवायची, मोजून ठेवायची, जमल्यास चालू राहील अशी ठेवायची. आपण उलट करतो. आधी दुरुस्त करतो, जुनं पुसून टाकतो, आणि मग सांगायला जातो की बघा किती वेगवान झालं. आधी किती संथ होतं ते समोरच्याला कुठे आठवतंय? सुधारणेची सवय माणसाला एका दिवसात लागते. हजारो ओळींचा मृत कोड काढून टाकला असेल तर काढलेल्या फाइलींची यादी पडद्यावर सरकत जाऊ द्या, एक शब्दही न बोलता. मध्यरात्री येणारा अलर्ट बंद केला असेल तर गेल्या महिन्यातले आणि या महिन्यातले अलर्ट एकाखाली एक दाखवा. ज्याला त्या अलर्टने झोपेतून उठवलं होतं, तो तुमच्यापेक्षा जास्त बोलेल.

कामाची पद्धतसुद्धा दाखवता येते, हे मला पटलं ते २००९ च्या एका भाषणामुळे. फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटमधले जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी त्या वर्षी व्हेलॉसिटी परिषदेत सांगितलं की आम्ही दिवसाला दहाहून जास्त वेळा नवा कोड लाइव्ह करतो. तो काळ असा की अनेक ठिकाणी रिलीज म्हणजे महिन्यांनी येणारं संकट, आणि डेव्हलपर आणि सर्व्हर सांभाळणारे लोक एकमेकांची तोंडं बघायला तयार नसत. या दोघांनी नवं उत्पादन दाखवलं नाही. एकाने डेव्हलपरांच्या बाजूने आणि एकाने सर्व्हरवाल्यांच्या बाजूने, दोघांनी मिळून आपण एकत्र कसं काम करतो ते मांडलं. बेल्जियममध्ये बसून पॅट्रिक डबुआ यांनी ते बघितलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेंट शहरात डेव्हऑप्सडेज नावाची परिषद भरवली. आज ज्या ‘डेव्हऑप्स’ (डेव्हलपर आणि सर्व्हरवाल्यांनी मिळून काम करणं) या शब्दावर नोकरीच्या जाहिराती निघतात, त्या शब्दाचा प्रसार तिथून झाला. फ्लिकरच्या त्या दोघांनी आपलं काम ‘हे तर आमचं रोजचंच, यात काय सांगायचं’ म्हणून सोडून दिलं असतं तर? बहुतेकांच्या हातून असंच होतं. आपल्याला जे रोजचं वाटतं तेच बाहेरच्याला नवीन असतं, पण ते रोजचं असल्यामुळे आपल्या नजरेतून सुटतं.

दाखवण्याचा अतिरेकही मी बघितलाय, आणि त्याबद्दल गप्प बसणं अप्रामाणिकपणाचं होईल. डेमोसाठीच काम करणारी माणसं असतात. एकच वाट पक्की करून ठेवलेली, त्या वाटेबाहेर पाऊल टाकलं की सगळं कोसळतं. मागे डेटाबेस नाही, आकडे कोडमध्येच लिहिलेले, आणि मॅनेजर ‘व्वा, झालंच की’ म्हणून ग्राहकाला तारीख देऊन बसतो. मग ती तारीख पाळण्यासाठी दुसऱ्याच कोणाच्या रात्री जातात. यावर माझा उपाय साधा आहे. जे खोटं आहे ते पडद्यावरच खोटं म्हणून लिहा. ठळक लाल अक्षरात ‘नमुना डेटा’. आणि काय चालत नाही हे शेवटी घाईघाईत न सांगता सुरुवातीलाच सांगा. असं सांगणाऱ्याचं बाकीचं म्हणणं लोक जास्त विश्वासाने ऐकतात, हा माझा अनुभव.

दुसरा अन्याय जास्त खोल आहे. ज्याच्या हातात पडदा, त्याच्याच नावावर टाळ्या. ज्याने तो एपीआय (दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडणारा दुवा) लिहिला, ज्याने मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत हलवणं) केलं, ज्याने टेस्ट करताना तो विचित्र प्रकार शोधून काढला, ते मागच्या मागेच राहतात. नावं घ्यायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं अर्धं मिनिट न देणाऱ्या सीनियर माणसाबद्दल माझं मत फारसं बरं होत नाही, तो कितीही हुशार असो. त्याहून बरं म्हणजे ज्याने काम केलं त्यालाच बोलू द्यावं, तो अडखळला तरी.

आणि आता कोड लिहून देणारी साधनं आलीत. एका दुपारात एवढा कोड उभा राहतो की पूर्वी त्याला आठवडे लागले असते. कोड वाढला, पण तो कोणाला समजलाय हा प्रश्नही त्याच्याबरोबर वाढला. पुल रिक्वेस्टमध्ये ते लपून राहू शकतं. डेमोत समोरून कोणीतरी सहज विचारतं, ‘हे असं का केलंय? दोघांनी एकाच वेळी सेव्ह केलं तर काय होईल?’ उत्तर आलं तर त्या कोडला मालक आहे. ‘बघून सांगतो’ आलं, तर बिघाड झाल्यावर फोन कोणाला करायचा हे आत्ताच ठरवून घेतलेलं बरं. असे प्रश्न विचारणाऱ्याचा राग येतो, मलाही येतो. पण रात्री दोन वाजता तोच प्रश्न लॉगमधून (सर्व्हरच्या नोंदींतून) विचारला जाण्यापेक्षा दिवसाउजेडी माणसाने विचारलेला चांगला.

ज्यांना चारचौघांत बोलणं जमतच नाही त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. माझ्या ओळखीचे काही उत्तम डेव्हलपर बोलायला उभे राहिले की पांढरेफटक पडतात, पण त्यांनी लिहिलेलं रीडमी वाचून अनोळखी माणूस पाचव्या मिनिटाला प्रोजेक्ट चालू करतो. तेही दाखवणंच. फक्त त्यात समोरून प्रश्न येत नाहीत, एवढी उणीव राहते.

त्या प्रश्नांची मात्र आपण फार हेळसांड करतो. डेमो संपतो, चारपाच जण काहीबाही विचारतात, उत्तरं दिली जातात, बैठक संपते, सगळं हवेत. हिशेबातल्या त्या बाईंचा प्रश्नसुद्धा असाच गेला असता, पण एका ज्युनियरने तो जागच्या जागी टिपून घेतला आणि त्याचं टिकेट केलं. तेव्हापासून माझा आग्रह असतो की डेमोत एकाने फक्त प्रश्न लिहायला बसायचं: कोणी विचारला, कुठल्या पडद्यावर विचारला, शब्दशः काय विचारलं. पुढच्या डेमोची सुरुवात त्यातल्या एखाद्या प्रश्नाच्या उत्तराने करायची. तो ज्याने विचारलेला असतो तो माणूस मग त्या बैठकीला न बोलावता येतो, आणि येताना आपल्या विभागातल्या आणखी एकाला घेऊन येतो.